झाडाचे पंचांग आणि मार्चअखेरचे प्रशिक्षण

काही वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, इंदूरपासून फार लांब नसलेल्या एका सभागृहात, पेरूच्या फळावर पिशवी कशी चढवावी याचे प्रात्यक्षिक मी पाहिले. मार्चअखेर माळव्यातल्या पेरूच्या झाडावर पिशवी चढवण्याजोगे फळ नसते, म्हणून संयोजकांनी सकाळीच बाजारातून दोन किलो पेरू आणून ठेवले होते. (इंदुरात याला ‘जाम’ म्हणतात आणि आमच्या मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे, पण लेखात पेरूच म्हणतो.) तज्ज्ञांनी त्यातले एक फळ हातात धरून त्याला आधी फोमची जाळी घातली, मग पारदर्शक पिशवी चढवली आणि पिशवीचे तोंड देठाशी कसे बांधावे हे सांगू लागले. बाजारच्या फळाला देठ नव्हता. गाठ त्यांना हवेतच मारून दाखवावी लागली. जेवणे झाली, हजेरीपटावर सह्या झाल्या, प्रत्येकाला एक वही, एक पेन आणि एक कापडी पिशवी मिळाली, आणि आम्ही साठ-सत्तर जण घरोघरी परतलो. पुढे सप्टेंबरात माझ्या बागेतली फळे लिंबाएवढी झाली, तेव्हा पिशवी चढवण्याआधी बुरशीनाशक फवारून फळ पूर्ण कोरडे होऊ द्यायचे असते, ही त्या दिवशी ऐकलेली गोष्ट माझ्या लक्षातून गेली होती. ओल्या फळांवर पिशव्या चढल्या आणि पुष्कळ फळे आतल्या आत कुजली.

चूक माझी होती, हे मान्य आहे. तरीही सप्टेंबरात करायचे काम मार्चमध्ये का शिकवले जाते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. फळबागायतदारांसाठी होणारी शिबिरे, मेळावे, परिसंवाद आणि प्रदर्शने आज संख्येने कमी नाहीत. त्यांतली बरीचशी फुकट असतात आणि त्यांत बोलणाऱ्यांचे ज्ञानही अस्सल असते. उणीव आहे ती एवढीच की या कार्यक्रमांचे वेळापत्रक झाड ठरवत नाही, खर्च करणारा ठरवतो. आणि जोवर बागायतदार स्वतः खर्च करत नाही, तोवर हे वेळापत्रक त्याच्या हाती येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. फुकटाला सोकावलेल्या आपल्या समाजात हे म्हणणे लोकप्रिय होणार नाही, याची मला कल्पना आहे.

सरकारी प्रशिक्षणाचे कारण उघड आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले, २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात सामावले गेले, आणि या योजनांत शेतकरी प्रशिक्षणासाठी व अभ्यासदौऱ्यांसाठी पैशांची तरतूद आहे. हा पैसा आर्थिक वर्षाच्या हिशेबाने येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो. मंजुरी उशिरा आली की शिबिरे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाटीवाटीने उरकली जातात. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. हिशेबाची वही अशीच चालते. प्रदर्शनांचे कारण वेगळे, पण जातकुळी तीच. प्रदर्शनाचा खर्च तंबूत गाळे घेणाऱ्या कंपन्या उचलतात, म्हणून ते हवा सुखद असताना, लोक हिंडायला मोकळे असताना आणि गेल्या पिकाचा पैसा हाती आलेला असताना भरते. पुण्याजवळ मोशीला भरणारे ‘किसान’ डिसेंबरात असते, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे ‘कृषिक’ जानेवारीत. दुसऱ्यात प्रत्यक्ष शेतात उभी पिके दाखवतात, म्हणून मी त्याला अधिक मान देतो. ठिबकचा नवा फिल्टर किंवा बॅटरीची छाटणीकात्री घ्यायची असेल, तर अशा ठिकाणी जरूर जावे. बाग शिकायला जाणाऱ्याने मात्र त्या दिवसांत आपल्या झाडावर काय चालले आहे, हे निघण्याआधी पाहून घ्यावे.

हिवाळ्यात परिषदा भरवण्याची पद्धत ज्या देशांत पक्की झाली, तिथे तिला झाडाचाच आधार आहे. इटलीच्या उत्तरेला बोल्झानो येथे ‘इंटरपोमा’ हा सफरचंदांचा मेळावा दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात भरतो आणि त्यात बागांचे दौरेही असतात. त्या डोंगराळ भागातली तोडणी तोवर जवळजवळ आटोपलेली असते, आणि झाड पाने गाळून झोपी जाण्याच्या बेतात असते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचा फळ-भाजीपाला उत्पादकांचा मोठा मेळावा डिसेंबरात असतो; तिथेही झाड निजलेले आणि शेतकरी रिकामा. आमचा पेरू कधीच झोपत नाही. मृग बहाराचा (पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांचा) माल नोव्हेंबर ते जानेवारीत तोडणीला येतो, म्हणजे नेमक्या प्रदर्शनांच्या दिवसांत बागायतदार पहाटे चारला क्रेट भरून इंदूरच्या चोइथराम मंडीच्या रांगेत उभा असतो. आपण थंड देशांचा हिवाळा उसना घेतला, पण त्यांच्या झाडाची झोप काही उसनी घेता आली नाही.

माळव्यातल्या पेरूचे वर्ष कसे जाते, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण वादाचा सगळा जीव त्यातच आहे. पेरू वर्षातून तीनदा फुलू शकतो. आंबे बहाराचे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या फुलांचे फळ पावसाळ्यात येते. ते पाणचट असते, फळमाशीने पोखरलेले असते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मृगाच्या सुमारास येणाऱ्या फुलांचे फळ थंडीत पिकते, रात्रीच्या गारव्याने गोड होते, आणि पैसा देते ते तेच. म्हणून आंबे बहार टाळून मृग बहार धरायचा, आणि त्यासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, असे सांगितले जाते. सांगायला हे एक वाक्य आहे. पण ताण बसणे हे जमिनीवर अवलंबून असते, आणि माळव्यातली खोल काळी जमीन पाणी तोडल्यावरही आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. मुरमाड उतारावरची झाडे पाने पिवळी करून गाळू लागतात, तेव्हा शंभर हातांवरच्या काळ्या तुकड्यातली झाडे हिरवीगार उभी असतात आणि वर मनाला येईल तेव्हा फुलतात. अशा जागी पाणी तोडण्यावर विसंबून चालत नाही. फांद्यांचे शेंडे छाटून नवा फुटवा काढावा लागतो, किंवा नको असलेली फुले पाडण्यासाठी युरियाचे दहा टक्क्यांचे द्रावण फवारावे लागते, ज्याने पानेही करपतात आणि नवखा बागायतदार घाबरून दुसऱ्या दिवशी बागेला पाणी सोडून बसतो. किती करपले तर चालते, हे चित्रफितीवरून कळत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फावड्याने फूटभर खड्डा खणून, मूठभर माती दाबून तिचा गोळा होतो की भुगा हे पाहत, दोन झाडांमध्ये उभे राहूनच ते कळते.

इथे शेजारच्या राज्याचे ज्ञान जसेच्या तसे उचलण्याचा मोह आम्हा मराठी बागायतदारांना जास्त होतो, कारण पुण्या-सोलापूरकडची मासिके, व्याख्याने आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती आम्हाला थेट कळतात. हा आमचा फायदा आहे आणि कित्येकदा तोटाही. इंदुरात पाऊस जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, जमीन वेगळी आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत माळव्यात पाला, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडू शकतो. सोलापूरच्या बाजूचे वेळापत्रक पाहून हस्त बहार, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराची फुले, धरला, तर हिरवी फळे ऐन थंडीत झाडावर राहतात आणि एका रात्रीत काळवंडतात. पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ साली डॉ. चीमा यांनी निवडलेले ‘लखनौ-४९’ उर्फ ‘सरदार’ हे वाण माळव्यातही उत्तम येते. वाण प्रवास करते, पण तारखा प्रवास करत नाहीत.

आता ज्यांनी हे साधले आहे त्यांच्याकडे पाहू. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० साली स्थापन झाला. तो बागायतदारांनी बागायतदारांसाठी, सभासदत्वाच्या वर्गणीवर उभा केला. त्याचे वार्षिक चर्चासत्र साधारण ऑगस्टच्या सुमारास होते, म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या तोंडावर. ही वेळ कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकातून आलेली नाही, वेलीच्या अंगातून आली आहे. छाटणीनंतर कोणते फवारे, किती घड, कोणता संजीवकाचा डोस, हे ठरवायचे असते तेव्हाच माणसे एकत्र बसतात, शास्त्रज्ञांना उलटसुलट विचारतात, आणि पटले नाही तर तोंडावर सांगतात. ज्याने पैसे मोजले आहेत त्याच्या प्रश्नाला एक धार असते. फुकटच्या शिबिरात आपण पाहुणे असतो, आणि पाहुणा यजमानाला आडवे प्रश्न विचारत नाही.

द्राक्षवाल्यांनाही ठेचा लागल्याच. २०१० साली युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, माल अडकला आणि निर्यातदारांसह हजारो बागायतदार पोळले. हे औषध वेलीवर मुख्यतः एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वापरतात, आणि फळ तोडले जाते पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. एवढ्या आधी केलेले काम फळात उतरते, हा धडा फार महाग पडला. अशा वेळी पुढच्या छाटणीआधी एकत्र बसायची, आपली स्वतःची, सवयीची जागा असणे किती मोलाचे, हे ज्यांच्याकडे ती नाही त्यांना अधिक जाणवते. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती जानेवारी २०१५ मध्ये उठवली, तेव्हाही मूळ दुखणे बागेतच होते. नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे एकट्याने लावून भागत नाही. शेजाऱ्यानेही त्याच आठवड्यात लावावे लागतात. माशीला शेताची मेर कळत नाही. सामुदायिक कामासाठी लागणारे प्रशिक्षणही सामुदायिकच हवे, आणि ते माशी वाढण्याच्या आधीच्या पंधरवड्यात हवे.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत मोठा आक्षेप असा की द्राक्षाचा बागायतदार पैसेवाला आहे, आणि माळव्यातला चार बिघे पेरू लावणारा माणूस, जो कालपरवापर्यंत सोयाबीन करत होता, तो प्रशिक्षणाला पैसे कोठून देणार. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. फुकट शिबिराला जाणारा माणूस त्या दिवशीचे काम बुडवतो, डिझेल जाळतो, आणि चुकीच्या वेळी मिळालेल्या ज्ञानाची किंमत पुढे कुजलेल्या फळांत मोजतो. ही किंमत मी मोजली आहे. ती हजार रुपयांहून पुष्कळ जास्त होती. पंचक्रोशीतल्या शंभर बागायतदारांनी वर्षाला हजार रुपये दिले, तर एक लाख रुपये होतात. त्यात लखनौजवळच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेतून, जिथे दोन मीटर बाय एक मीटरवर, हेक्टरी पाच हजार झाडांच्या पेरूबागेची पद्धत विकसित झाली, एखाद्या तज्ज्ञाला दोन दिवस बोलावता येते, माती आणि पानांची तपासणी करता येते, आणि वर्षातून तीन-चार वेळा कोणाच्या तरी बागेत चहा होतो. ज्याला हजार जड वाटतात त्याने शंभर द्यावेत. फुकट मात्र कोणालाच नको. शंभर रुपये देणारासुद्धा मार्चमध्ये पिशव्यांचे प्रात्यक्षिक लावले तर विचारेल, की अहो, आत्ता कशाला?

आणखी एका गोष्टीकडे आम्ही बागायतदार सोयीस्कर डोळेझाक करतो. शिबिराला जातो तो मालक; कात्री आणि फवारणीचा पंप असतो दुसऱ्याच्याच हातात. इंदूर-धारच्या बागांत हे काम पुष्कळदा झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली भिल्ल कुटुंबे करतात, आणि पिशव्या चढवण्याचे काम तर बहुतेक बायका करतात, कारण त्यांचा हात हलका असतो. त्यांना कोणीही कधी कोणत्याही सभागृहात बोलावलेले नाही. औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे मालकाने ऐकलेले असते आणि अर्धे विसरलेले असते; ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्यापर्यंत त्यातले काय पोहोचते, हे ज्याने त्याने आपल्या बागेत विचारून पाहावे. अमेरिकेत २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आलेल्या फळ-भाजीपाल्याच्या नियमानुसार मालाला हात लावणाऱ्या मजुराला कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावे लागते, आणि ते त्याला सहज समजेल अशा रीतीने द्यावे लागते. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. आमच्याकडे त्याचा अर्थ भिली किंवा निमाडी बोलणारा, स्वतः छाटणी जाणणारा माणूस, बागेत, कामाच्या दिवशी, पूर्ण मजुरी देऊन, असा होईल. त्या दिवसाची मजुरी मालकाने द्यायची. ज्यांना हा खर्च वाटतो, त्यांनी फांदीच्या चुकीच्या डोळ्यावर (अंकुरावर) मारलेल्या एका कात्रीचा हिशेब करून पाहावा.

मग सरकारने काय करावे? जे शंभर बागायतदार मिळूनही करू शकत नाहीत ते. त्यात पहिला क्रमांक रोपवाटिकांचा. गेल्या काही वर्षांत ‘तैवान पिंक’, ‘व्हीएनआर बिही’ अशा वाणांच्या बागा झपाट्याने वाढल्या, आणि त्याच काळात अनेक राज्यांत पेरूच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी (मातीतला सूक्ष्म जंत) फोफावली. झाड पिवळे पडते, वाळू लागते, आणि उपटल्यावर मुळे गाठींनी भरलेली दिसतात. ही कीड बहुधा रोपाच्या पिशवीतल्या मातीतूनच बागेत येते, आणि एकदा आली की जात नाही. रोप विकत घेताना पिशवी फाडून मुळे पाहावीत, हे शिकवायला शिबिर पुरे. पण हजारो रोपांची तपासणी, परवाने आणि सदोष रोपे नष्ट करणे हे शिबिराचे काम नव्हे. सभागृह, जेवण आणि कापडी पिशव्यांवर जाणारा पैसा तिकडे वळला, तर मला वाईट वाटणार नाही.

इंदूरला हे सगळे कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नव्हती. १९२४ साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे वनस्पती उद्योग संस्था उभारली. आजचे कृषी महाविद्यालय तिचेच वारस आहे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखले गेलेले कंपोस्ट इथलेच, आणि १९३१ साली त्यावर हॉवर्डांबरोबर पुस्तक लिहिणारे यशवंत वाड नावावरून तरी आमच्यातलेच वाटतात. हॉवर्ड कंपोस्टसाठी प्रसिद्ध झाले, पण त्याआधी क्वेट्टा येथे त्यांनी फळबागांवर आणि फळांच्या पेट्या भरून दूर पाठवण्यावर बरेच काम केले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्यांच्या पद्धतीत खड्डे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून जमिनीवर ढीग रचायचे. ऋतू बदलला की कृती बदलायची, एवढा साधा नियम याच शहराच्या वेशीवर शंभर वर्षांपूर्वी पाळला जात होता, आणि आम्ही मात्र त्याच शहराजवळ देठ नसलेल्या फळाला पिशवी बांधतो.

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर आणि देपालपूरच्या बाजूचे आम्ही एकवीस बागायतदार यंदा वर्गणी काढून बसलो आहोत. त्यात मराठी घरे सहा-सात, बाकीचे पाटीदार आणि खाती या शेतकरी समाजांतले. वर्षात चार बैठका, चारही बागेत, आणि तारखा झाडे पाहून आधीच्या आठवड्यात ठरवायच्या, असे ठरले आहे. दुसरी बैठक मजुरांची, मालकांनी त्या दिवशी चहा द्यायचा आणि गप्प बसायचे, यावर बरीच वादावादी झाली आणि ठराव तीन मतांनी टिकला. पहिली बैठक एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या बागेच्या उत्तरेकडच्या काळ्या तुकड्यात आहे. गेल्या वर्षी तिथे ताण बसला नाही आणि त्याच्या कारणाबद्दल आमच्यात तीन मते आहेत. तीन ठिकाणी खड्डे खणायचे आहेत. फावडे ज्याने त्याने आपले आणायचे.